कमरेला सातशे वीस ग्रॅम

सुचित्रा आल्याच्या चहासाठी बत्ता शोधत होती आणि तो कुठे आहे हे पक्कं माहीत असूनही उपेंद्र लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला होता. तिने ओट्यावर पाहिलं, सिंकखाली पाहिलं, डिशवॉशरमधली भांडी वरखाली केली, मग प्रेस उघडला. आयर्लंडमध्ये बारा वर्षं काढल्यावर त्या घरात कपाटाला इथल्या लोकांसारखं प्रेसच म्हटलं जाऊ लागलं होतं. पितळी खल आपल्या जागी होता. बत्त्याचा पत्ता नव्हता.

"त्याच्या कमरेले हाये तो," सोफ्यावरून गुरुनाथ म्हणाले. उपेंद्रचे वडील दोन महिन्यांपूर्वी विदर्भातून इकडे आयर्लंडमध्ये, मेनूथ गावी, राहायला आले होते. "सकाळपासून पाहून राह्यलो मी. म्हटलं, असंल पाठीचा काही इलाज."

उपेंद्रने अंगातली फ्लीस वर केली. पाठदुखीच्या जुन्या पट्ट्यात, उजव्या बाजूला, बत्ता उभा खोचलेला होता. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, बारा जणांच्या सॉफ्टवेअर टेस्टिंग टीमचा प्रमुख, भर सकाळी स्वयंपाकघरातली वस्तू कमरेला बांधून ऑफिसची मीटिंग ऐकत होता. त्याने तो काढून बायकोच्या हातात दिला. 

सुचित्राने आलं ठेचलं, बत्ता धुतला, कोरडा पुसला आणि परत आणून त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवला.  तिने दोन शब्द सुनावले असते तर उपेंद्रला बरं वाटलं असतं.

बत्त्याचं वजन सातशे वीस ग्रॅम होतं. त्याने किचनच्या काट्यावर तीनदा मोजलं होतं. गोळ्या भरलेलं छोटं नाइन एमएम पिस्तूल साधारण तेवढंच भरतं. अमेरिकेतल्या ज्या ऑनलाइन फोरमवर तो गेले सहा आठवडे पडीक होता, तिथले जाणकार सांगत की कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचं असेल तर विकत घेण्याआधी तेवढं वजन आठवडाभर कमरेला बांधा. बसा, वाका, गाडी चालवा, बुटाच्या नाड्या बांधा. मग कळेल आपल्याला काय झेपतं. त्यांना अर्थात बत्ता अभिप्रेत नव्हता. पण आयर्लंडमध्ये नकली पिस्तूल घेऊन फिरणंसुद्धा अंगाशी येतं, आणि उपेंद्र देशकर कायदा मोडणारा माणूस नव्हता.

तो निवड करणारा माणूस होता. डिशवॉशर निवडायला त्याला सात आठवडे लागले होते, गाडी निवडायला पाच महिने. प्रत्येक वस्तूची एक एक्सेल शीट, प्रत्येक शीटला रंग. आता त्याच्याकडे 'पिस्तूल अंतिम ४' नावाची शीट होती आणि तीन आधीच्या अंतिम शीट तिच्यामागे होत्या. वजन, लांबी, रुंदी, मॅगझिनमध्ये गोळ्या किती, ट्रिगर ओढायला जोर किती, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे पहिल्यांदा अडकेपर्यंत गोळ्या किती झाडल्या. कॅलिबरची शीट वेगळी. पॉइंट थ्री एटी हाताला सौम्य, पण लोक म्हणतात दम नाही. फॉर्टी फाइव्हमध्ये दम आहे, पण गोळ्या सातच बसतात आणि धक्का जबरदस्त. पॉइंट फोर्टी दोघांच्या मधलं, म्हणून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारं. शेवटी सगळे फिरून फिरून नाइन एमएमपाशी येत होते आणि आल्यावर पुन्हा भांडत होते. उपेंद्र त्या भांडणांमधलं प्रत्येक वाक्य वाचत होता. स्वतःच्या हाताने त्याने आयुष्यात दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल तेवढं उडवलं होतं.

आयर्लंडमध्ये स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचं लायसन्स मिळत नाही. इथे रस्त्यावरचा पोलीससुद्धा पिस्तुलाशिवाय फिरतो. पण उपेंद्रच्या कंपनीने त्याला टेक्सासला बदली देऊ केली होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. टेक्सासमध्ये लोक शर्टाखाली पिस्तूल खोचून दूध आणायला जातात, असं फोरमवर होतं. खरं तर कामाच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथेही सहसा पिस्तूल बाळगता येत नाही, ग्रीन कार्डची वाट पाहावी लागते, हे त्यानेच शोधून काढून शीटच्या तळाशी पिवळ्या रंगात लिहिलं होतं. म्हणजे राहतो त्या देशात मिळत नाही आणि जाणार त्या देशात काही वर्षं घेता येणार नाही, अशा वस्तूच्या निवडीत हा गृहस्थ जेवणखाण विसरला होता. हसण्यासारखंच होतं ते. पण जुलैपासून त्याला दुसऱ्या कशात चित्तच लागत नव्हतं.

जुलैमध्ये बॉल्सब्रिजचं ऑफिस सुटल्यावर तो शहरातल्या एका बसस्टॉपवर उभा होता. ऊन होतं, साडेसहा वाजले होते, स्टॉपवर माणसं होती. तिघांनी त्याला मारलं. फोन नेला नाही, पाकीट नेलं नाही, फक्त मारलं आणि आपल्या देशात जा म्हणाले. डावी भुवई फुटली. सुचित्रा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाचं ट्रेनिंग करत होती, तिला खोटं सांगून भागलं नसतं. तिने जेवणाच्या टेबलापाशी बसवून जखम साफ केली, चिकटपट्ट्या लावल्या आणि पोलिसांत जाऊ म्हणाली. तो म्हणाला, काय उपयोग. तेरा वर्षांच्या मुलीला, ईशानीला, आणि फोनवर अप्पांना, म्हणजे गुरुनाथांना, त्याने सांगितलं की स्टेशनच्या ओल्या जिन्यावरून पाय घसरला.

तेव्हापासून तो त्या स्टॉपवर गेला नव्हता. वीस मिनिटं चालून पुढच्या स्टॉपवर जायचा. चालताना दुकानांच्या काचांत स्वतःच्या पाठीमागचं बघायचा. कॅन्टीनमध्ये दाराकडे पाठ करून बसायचा नाही. कुणी हसत हसत मागून आलं की बूट बांधायला वाकल्यासारखं करून त्यांना पुढे जाऊ द्यायचा. घरी आल्यावर आधी कुलूप, मग खिडक्या, मग पुन्हा कुलूप. अंगात कुणीतरी मोटर चालू करून बंद करायचं विसरून गेलं होतं.

टेक्सासचं विचारायचं ठरवलं तेव्हा त्याने सुचित्राला पटवण्यासाठी चौदा स्लाइड तयार केल्या होत्या. तिच्या ट्रेनिंगची दोनच वर्षं उरली होती. अमेरिकेत गेलं तर सगळ्या परीक्षा पहिल्यापासून. ती भांडेल, रडेल, चार दिवस बोलणार नाही, अशी त्याने मनाची तयारी केली होती. दुसऱ्याच स्लाइडला ती म्हणाली, "बरं, जाऊ." आणि त्या आठवड्यात परीक्षेची जाडजूड पुस्तकं मागवून वाचायलाही बसली. बारा स्लाइड वाया गेल्याचं त्याला जरा वाईटच वाटलं होतं.

राहिले अप्पा. गुरुनाथांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात गेली, तीसुद्धा तपासणीत. बंदुकीच्या गोळ्यांचे लॉट यायचे, ते पास किंवा नापास करायचे. मुलाने आजवर त्यांना त्याबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता. लहानपणी तर बापाच्या हातांना येणाऱ्या वासावरून तो नाक मुरडायचा. त्यामुळे त्याच दिवशी, बुधवारी, मीटिंग आटोपून चहा पिता पिता उपेंद्रने जेव्हा विचारलं, "अप्पा, तुम्ही गोळ्या तपासायचात म्हणजे नेमकं काय करायचात?" तेव्हा म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, सदरा सारखा केला आणि पाऊण तास सांगितलं. नमुना कसा काढायचा, तो कसा झाडायचा, घोडा पडला आणि गोळी सुटलीच नाही तर किती वेळ नळी समोर धरून थांबायचं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून उपेंद्रला शरम वाटली. आपण हे कशासाठी विचारतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"म्हणजे पास झालेल्या लॉटमधली गोळी दगा देत नाही?" त्याने विचारलं.

"थे मी कसं सांगू? मी उडवली तिची गॅरंटी देतो. पण थे तं उडून गेली नं."

मग उपेंद्रने शीट दाखवली. म्हणाला, टेक्सासमध्ये सगळेच ठेवतात, आपणही विचार करून ठेवलेला बरा. गुरुनाथांनी चष्मा लावला आणि सगळी शीट वाचली, पिवळ्या ओळीसकट.

"काम चांगलं केलं," ते म्हणाले. "पण हे सारं वस्तूचं झालं. वापराचं काय? आम्ही झाडून पाह्यल्याशिवाय सही करत नव्हतो. हे कमरेतून काढाले किती वेळ लागते थे कुठं लिहिलं?"

टेस्टिंगमधल्या माणसाला ही चूक दुसऱ्याने दाखवावी, तीही वडिलांनी, हे उपेंद्रला चांगलंच झोंबलं. "उद्या करू," तो म्हणाला. "तुम्ही आणि मी. ईशानी वेळ लावेल."

"करू. पण आधी सांग, तो माणूस येते कुठून? समोरून का मागून? किती दुरून?"

"मागून," उपेंद्र म्हणाला. "अगदी जवळून. डाव्या बाजूने."

गुरुनाथांनी त्याच्या भुवईवरच्या व्रणाकडे पाहिलं.  मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बरं. मागून."

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता चाचणी झाली. सुचित्रा ड्युटीवर होती. जागा म्हणजे पुढच्या दारापासून जिन्यापर्यंतचा पॅसेज. उपेंद्रने बाहेर जाताना घालतो तेच घातलं, फ्लीस आणि वर पावसाचं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, कारण या देशात वर्षातले दहा महिने माणूस असाच फिरतो. कमरेला बत्ता. टपालातून आलेली सुपरमार्केटची पत्रकं गुंडाळून गुरुनाथांनी हातात घेतली. ईशानी जिन्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, फोनवर स्टॉपवॉच लावून.

"धिस इज द मॅडेस्ट थिंग वुइव्ह एव्हर डन," ती म्हणाली. तिला सगळं मराठी कळायचं, पण उत्तर आयरिश इंग्लिशमध्येच यायचं. "आर यू राइट, आजोबा? गो ऑन सो." म्हणजे तयार असाल तर करा सुरू.

गुरुनाथ दारापासून चालत आले आणि मुलाच्या डाव्या कानाखाली पत्रकांची गुंडाळी मारली. उपेंद्र वळला, जॅकेटची चेन अर्ध्यावर अडकली, बत्ता बाहेर यायला चार पॉइंट नऊ सेकंद लागले. ईशानी पोट धरून हसली. दुसऱ्या वेळी चेन उघडी ठेवली, तर बत्त्याचं डोकं पट्ट्यात अडकलं. तिसऱ्या वेळी फ्लीस हातात आली. सातव्या वेळी त्याने तीन सेकंद गाठले, अकराव्या वेळी दोन पॉइंट सहा, आणि त्याहून कमी पुढे काही झालं नाही. फटका मात्र दर वेळी आधीच बसलेला असायचा. त्याला सेकंद लागतच नव्हते.

वीस वेळा करायचं ठरलं होतं, म्हणून वीस वेळा केलं. गुरुनाथ नेमाने दारापर्यंत जात आणि परत येत. पण मारणं हळूहळू सौम्य होत गेलं, शेवटी शेवटी तर ते नुसतं टेकवत होते. पंधराव्यानंतर ईशानीचं हसणंही थांबलं. विसावा झाल्यावर गुरुनाथ धाप लागून बुटांच्या कपाटावर बसले.

"नापास," उपेंद्र म्हणाला. तो घामाने भिजला होता. "फॉर्टी फाइव्ह असो नाहीतर थ्री एटी, काही फरक पडत नाही. पुन्हा करू. पट्टा डाव्या बाजूला बांधतो."

"बाबा," ईशानी म्हणाली, "डू यू नो यू से सॉरी?"

"काय?"

"एव्हरी टाइम. आजोबा हिट्स यू, यू से सॉरी, अँड देन यू गो फॉर द बत्ता. ट्वेंटी आउट ऑफ ट्वेंटी. आय मेड अ कॉलम फॉर इट."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. शीटमध्ये नवा रकाना होता आणि त्यात वीस बरोबरच्या खुणा होत्या. उपेंद्रने त्या वरून खाली मोजल्या, मग खालून वर मोजल्या. मग तो जॅकेटसकट पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसला.

"मी जिन्यावरून पडलो नव्हतो," तो म्हणाला.

"मले कालच समजलं थे," गुरुनाथ म्हणाले.

"ते नाही अप्पा. तिघे होते. पहिला फटका मागून बसला आणि मी सॉरी म्हणालो. मला वाटलं, माझा कुणाला तरी धक्का लागला. मग त्यांनी लाथा घातल्या आणि मी सॉरीच म्हणत राहिलो. त्यातला एक माझी नक्कल करायला लागला, माझ्याच आवाजात, सॉरी सॉरी. बाकीचे दोघे हसले. स्टॉपवरची माणसं बघत होती. ते निघून गेले तरी मी म्हणत होतो." त्याने हातातला बत्ता फरशीवर ठेवला. "मला मार लागल्याचं काही नाही. मी त्यांची माफी मागितली, अप्पा. ते मला सहन होत नाही. मी पोलिसांत गेलो नाही कारण ते विचारतील, तुम्ही काय म्हणालात."

गुरुनाथांच्या हातात अजून पत्रकांची गुंडाळी होती. ती त्यांनी खाली टाकली. "मी तुले वीस खेप मारलं," ते म्हणाले, "आन् तू मारू देल्लं. सांगाचं होतं नं बाप्पा." ते रडत होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. ईशानी जिन्यावरून उतरून बापाच्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. अलीकडे ती अशी बसत नसे. 

शुक्रवारी सकाळी उपेंद्रने सुट्टी टाकली आणि तो गार्डा स्टेशनला, म्हणजे इथल्या पोलीस ठाण्यात, गेला. गुरुनाथ बरोबर होते, इंग्लिश फारसं कळत नसताना. अप्पा आणि ईशानी, ज्या दोघांना हे कधी कळू नये असं वाटत होतं, त्यांना कळून चुकलं होतं. तिसऱ्याला सांगणं त्या मानाने सोपं वाटलं. तिथली तरुण गार्डा बाई सावकाश, गोल अक्षरात जबाब लिहून घेत होती. तीन महिने झालेत, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बहुतेक उरलं नसेल, फार आशा ठेवू नका, हे तिने आधीच सांगून टाकलं. मग तिने विचारलं, तुम्ही त्यांना काही म्हणालात का?

"आय सेड सॉरी," उपेंद्र म्हणाला. "मेनी टाइम्स."

तिने ते लिहिलं. कोणत्या रंगाचं जॅकेट, किती वाजता, याच्यामध्ये लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. शेवटी सगळा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. ते वाक्य आलं तेव्हा त्याने टेबलाची कड धरली. तिचा आवाज जराही बदलला नाही. त्याने सही केली.

बाहेर पडून त्याने रस्त्याकडेच्या बाकावर बसून मॅनेजरला ईमेल लिहिली. टेक्सासला येत नाही, संधीबद्दल आभारी आहे. त्याची भीती गेली नव्हती. बाकावर बसतानासुद्धा त्याने मागे भिंत आहे का ते पाहिलं होतं. पण सहा आठवडे तो स्वतःला समजावत होता की तिकडे गेल्यावर शर्टाखाली सातशे वीस ग्रॅम असतील आणि आपण वेगळा माणूस असू. वेगळा माणूस होणार नव्हता. हाच गेला असता आणि शर्टाच्या आत हाच राहिला असता. ईमेल पाठवून त्याने सुचित्राला फोन लावला. ती दोन ऑपरेशनांच्या मध्ये होती.

"नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला. "टेक्सासचं."

"काय झालं?"

"आत्ता पोलिसांकडे जबाब देऊन आलो. अप्पा आहेत बरोबर. आणि तुला एक सांगायचं राहिलंय, जुलैपासून." त्याने एका दमात सांगितलं. मारत होते तेव्हा आपण काय म्हणत होतो, किती वेळ म्हणत होतो, नक्कल, हसणं, सगळं.

 पलीकडे कुठलंसं मशीन वाजत होतं.

"मला माहीत आहे," सुचित्रा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी मी भुवई साफ करत होते ना, तेव्हा तू मला तेच म्हणत होतास. कापूस लावला की सॉरी. पट्टी चिकटवली की सॉरी. मी म्हटलं, अरे मी आहे, सुचित्रा आहे. तरी थांबेनास. तुला आठवतच नाहीये ते, मला कळलं होतं."

उपेंद्रला खरंच आठवत नव्हतं. त्याला टेबल आठवत होतं, दिवा आठवत होता, तिची बोटं आठवत होती.

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? तू टेक्सासचं काढलंस, मी हो म्हटलं. तू पुन्हा तसं बोलणार नाहीस असं कुठलंही गाव चाललं असतं मला. परीक्षा काय, दिल्या असत्या." मग ती म्हणाली, "पेशंट आत घेतायत. ठेवते आता. अप्पांना काहीतरी खायला घाल."